४,२०० आले, ४१ जणांनी घेतलं. मधले कुठे गेले?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीजवळून मेतकूट, काळा मसाला, चटण्या, लोणची विकणारं ऑनलाइन दुकान, वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या साइटला दुकान जोडणारं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) उभारलेलं. गूगल अ‍ॅनालिटिक्स (साइटवर किती जण आले, त्यांनी काय केलं ते मोजणारं साधन) लावून पाच महिने झाले. गेल्या महिन्यात ४,२०० सेशन (म्हणजे भेटी), त्यातली निम्म्याहून जास्त ‘डायरेक्ट’. प्रॉडक्टचं पान १,९०० जणांनी पाहिलं, ३१० जणांनी माल कार्टमध्ये टाकला, २४० जण चेकआउटपर्यंत आले आणि अ‍ॅनालिटिक्सच्या हिशेबाने खरेदी झाली २९. वूकॉमर्समध्ये मात्र ऑर्डरी ४१ आहेत. विचारणा अशी की हे लोक नक्की कोण, ते घेत का नाहीत, आणि जाहिरातीवरचा खर्च वाढवू का?

जाहिरातीचं आधी सांगतो. आत्ता नको. तुम्हाला ४,२०० हा आकडा खुपतोय, पण दुखणं २४० आणि ४१ यांच्या मध्ये आहे. पान पाहिलेल्या १,९०० पैकी ३१० जण, म्हणजे साधारण १६ टक्के, माल हातात घेतायत. त्या ३१० पैकी २४० जण, म्हणजे ७७ टक्के, गल्ल्यापर्यंत येतायत. आणि गल्ल्यापाशी आलेल्यांपैकी पैसे देऊन जातायत जेमतेम १७ टक्के. बाजारपेठेतल्या दुकानात हे झालं असतं, तर गल्ल्यावर काय चाललंय ते बघायला तुम्ही स्वतः उठून गेला असतात. जाहिरात वाढवली तर त्याच गल्ल्यावरून परत फिरणारे लोक वाढतील, एवढंच.

एक बारीक गोष्ट: ४,२०० ही सेशन आहेत आणि १,९०० ही माणसं, म्हणजे अ‍ॅनालिटिक्सच्या भाषेत ‘यूजर’. एकच माणूस सकाळी आणि संध्याकाळी आला की सेशन दोन, यूजर एक. या दोन आकड्यांचा एकमेकांशी भागाकार करू नका. ‘आमचा कन्व्हर्जन रेट (आलेल्यांपैकी घेणाऱ्यांचं प्रमाण) एक टक्का’ असं म्हणताना खाली सेशन घेतली की यूजर, हे स्वतःला एकदा सांगा आणि पुढे तेच धरा. तो दर चांगला की वाईट, हे दुकान कशाचं आहे, गिऱ्हाईक नवं की जुनं आणि माल किती रुपयांचा यावर ठरतं. दुसऱ्या कुणाच्या दराशी तुलना करण्यात वेळ घालवू नका.

गल्ल्याकडे वळण्याआधी मोजणी नीट करू. २९ आणि ४१ मधला १२ चा फरक आपोआप मिटणारा नाही.

अ‍ॅनालिटिक्स खरेदी मोजतं ती ऑर्डर पक्की झाली म्हणून नव्हे. ‘तुमची ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ हे पान ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उघडलं आणि तिथला टॅग, म्हणजे खरेदीची खबर पाठवणारा कोडचा तुकडा, चालला, म्हणून. आता मोबाइलवर यूपीआयने पैसे देणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो तुमच्या साइटवरून पेमेंट गेटवेच्या पानावर जातो, तिथून यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये, पिन टाकतो, हिरवी खूण दिसते. त्याच्या लेखी व्यवहार संपला. तो फोन खिशात टाकतो, ब्राउझरकडे परत येतच नाही. गेटवे मागच्या दाराने, म्हणजे वेबहुकने, वूकॉमर्सला ‘पैसे आले’ असं कळवतो आणि ऑर्डर ‘प्रोसेसिंग’मध्ये जाते. धन्यवादाचं पान मात्र उघडलेलंच नसतं, म्हणून अ‍ॅनालिटिक्सला या ऑर्डरचा पत्ता नाही. भारतातल्या छोट्या दुकानांत तफावत आढळली की माझा पहिला संशय इथेच असतो. तो खरा की खोटा हे पाच मिनिटांत कळतं. अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘ट्रान्झॅक्शन आयडी’प्रमाणे यादी काढा, वूकॉमर्सच्या यादीशेजारी ठेवा आणि गळलेल्या बारा ऑर्डरींचा पेमेंटचा प्रकार बघा. बहुतेक यूपीआय निघाल्या तर कारण सापडलं. त्यात कॅश ऑन डिलिव्हरीच्याही बऱ्याच असतील, तर मात्र दोष वेगळा आहे, कारण त्या ग्राहकाला साइट सोडून कुठे जावंच लागत नाही.

तो वेगळा दोष पुष्कळदा साइट वेगवान करणाऱ्या प्लगइनमध्ये दडलेला असतो. त्यात ‘जावास्क्रिप्ट उशिरा चालवा’ अशा अर्थाची एक सोय असते. ती चालू असेल तर ग्राहकाने स्क्रीनला बोट लावेपर्यंत किंवा पान सरकवेपर्यंत टॅग चालतच नाही. प्रॉडक्टच्या पानावर हे खपून जातं, तिथे लोक सरकवतातच. धन्यवादाच्या पानावर माणूस नुसतं वाचतो आणि टॅब बंद करतो. खरेदी गळली! त्या प्लगइनच्या अपवादांच्या यादीत अ‍ॅनालिटिक्सचे टॅग घाला, किंवा चेकआउट आणि धन्यवाद ही दोन पानंच त्यातून वगळा. अ‍ॅड-ब्लॉकर लावणारे काही ग्राहक तरीही गळणारच. ते सोडून द्या.

तिसरं कारण दुर्मीळ, पण वाईट. खरेदीसोबत ट्रान्झॅक्शन आयडी रिकामा जात असेल, तर अ‍ॅनालिटिक्स वेगवेगळ्या खरेद्यांना एकाच ऑर्डरच्या नकला समजून टाकून देतं. वरच्या यादीत आयडीच्या जागी ऑर्डर क्रमांक दिसतायत ना, तेही त्याच वेळी बघून घ्या. रकमेसोबत चलन, म्हणजे भारतीय रुपया, गेलं नाही तर विक्रीची बेरीजही भरवशाची राहत नाही.

उलट चूकही होते: टॅग दोनदा बसणं. थीमच्या सेटिंगमध्ये एकदा, प्लगइनमधून एकदा, कधी टॅग मॅनेजरमधून आणखी एकदा. हिची खूण मजेशीर आहे. अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त चालली, किंवा त्यात दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती झाली, तर ती ‘एंगेज्ड’ धरतात. टॅग दोनदा असेल तर एकाच पानाची दोन पानं मोजली जातात आणि जवळपास प्रत्येक भेट एंगेज्ड ठरते. एंगेजमेंट रेट ९५ टक्क्यांच्या वर दिसला, तर साइट लोकांना फार आवडली असं समजून पेढे वाटू नका. टॅग तपासा.

तपासणीसाठी दहा रुपयांचं एक चाचणी प्रॉडक्ट करा, ते यादीत दिसणार नाही असं ठेवा, आणि स्वतःच्या फोनवरून, घरचं वायफाय बंद करून, तीन वेळा विकत घ्या. एकदा कॅश ऑन डिलिव्हरीने. एकदा यूपीआयने, आणि पैसे दिल्यावर नीट साइटवर परत येऊन. एकदा यूपीआयने पैसे देऊन ब्राउझरकडे न परतता. प्रत्येक वेळी लॅपटॉपवर ‘रिअलटाइम’ रिपोर्ट उघडा ठेवा. त्यात गेल्या अर्ध्या तासातल्या घटना दिसतात: पान पाहिलं, कार्टमध्ये टाकलं, चेकआउट सुरू केलं, खरेदी. पहिल्या दोन वेळा खरेदी प्रत्येकी एकदाच दिसायला हवी. माझा संशय खरा असेल तर तिसऱ्या वेळी ती दिसणार नाही, आणि तुमच्या दुकानात गळती कशी होते ते डोळ्यांनी दिसेल. ही गळती बुजवायची तर खरेदीची नोंद ब्राउझरऐवजी सर्व्हरवरून पाठवावी लागते. काही प्लगइन ती सोय देतात. पण महिन्याला चाळीस ऑर्डरी असताना मी त्यावर पैसे घालणार नाही. विक्रीचा खरा आकडा वूकॉमर्सचा, अ‍ॅनालिटिक्स फक्त वाट दाखवायला, एवढी वाटणी मनात पक्की केली की काम भागतं.

सेटिंगमधल्या चार गोष्टी आजच बघा. टाइम झोन भारताचा आणि चलन रुपया आहे का? टाइम झोन अमेरिकेचा राहिला असेल तर तुमची रात्रीची गर्दी सकाळची म्हणून दिसते. ‘डेटा रिटेन्शन’ मुळात दोन महिन्यांवर असतं, ते चौदा महिन्यांवर न्या. ‘एक्सप्लोर’मधले तपशीलवार रिपोर्ट या मुदतीपलीकडे मागे जात नाहीत आणि उडालेला डेटा परत मिळत नाही. पाच महिन्यांत हे कुणी बदललं नसेल, तर तुमचे पहिले काही महिने तिथून गेलेत. साधे तयार रिपोर्ट मात्र शाबूत असतात. तिसरी गोष्ट, तुमची स्वतःची ये-जा. पॅकिंग करताना, भाव बदलताना, कुणाला लिंक पाठवताना दुकानाचा मालक दिवसात दहा-वीस वेळा स्वतःच्याच साइटवर जातो. आयपी पत्त्यावरून स्वतःला वगळण्याची सोय आहे, पण घरगुती इंटरनेटचा पत्ता बदलत राहतो, आणि तो फिल्टर मुळात ‘टेस्टिंग’ अवस्थेत असतो, ‘अ‍ॅक्टिव्ह’ केल्याशिवाय काहीच गाळत नाही. त्यापेक्षा तुमच्या प्लगइनमध्ये लॉगिन केलेल्या अ‍ॅडमिन आणि शॉप मॅनेजरला मोजू नये अशी सेटिंग आहे का ते बघा. ती चालू करा आणि फोनवरही लॉगिन राहूनच साइट उघडा.

चौथी गोष्ट पेमेंट गेटवेची. ग्राहक पैसे देऊन परत येतो तेव्हा अ‍ॅनालिटिक्सला वाटतं की तो गेटवेच्या साइटवरून आला. मग ज्या ऑर्डरी इन्स्टाग्रामने किंवा गूगलने आणल्या, त्यांचं श्रेय गेटवेला जातं. स्रोतांच्या यादीत गेटवेचं किंवा बँकेचं नाव ‘रेफरल’ (ज्या साइटवरून माणूस आला ती) म्हणून दिसत असेल, तर वेब स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये ‘नको असलेले रेफरल’ अशी यादी आहे, तिथे ती डोमेन टाका. जुनी नोंद सुधारत नाही, पुढची नीट होते.

आता ‘डायरेक्ट’. नावावरून वाटतं की हे लोक पत्ता टाइप करून आले. काळा मसाला घ्यायला इतके लोक पत्ता पाठ करून येत नाहीत. डायरेक्ट म्हणजे ‘कुठून आले ते कळलं नाही’ अशांची पेटी. तुमच्या बाबतीत त्यात सर्वांत मोठा वाटा बहुधा व्हॉट्सअ‍ॅपचा आहे. तुम्ही ब्रॉडकास्ट पाठवता, कुणी ती लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं, कुणी नणंदेला पाठवतं. त्या सगळ्या भेटी इथे येतात. बरणीवरचा क्यूआर कोड, एसएमएस, पीडीएफ भावपत्रक यांतून येणारेही इथेच.

उपाय यूटीएमचा. लिंकच्या शेवटी सोर्स, मीडियम आणि कॅम्पेन अशा तीन चिठ्ठ्या जोडायच्या. गूगलचं फुकट साधन ती लिंक बनवून देतं. नियम दोन-तीनच: सगळं रोमन लिपीत लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आणि एकच नाव कायम. मोठ्या आणि लहान अक्षरांतलं ‘व्हॉट्सअ‍ॅप’ हे अ‍ॅनालिटिक्सच्या लेखी दोन वेगळे स्रोत आहेत. सोर्स ‘व्हॉट्सअ‍ॅप’ आणि मीडियम ‘सोशल’ लिहिलंत तर भेटी सोशल चॅनलमध्ये जाऊन बसतात. मीडियममध्ये ‘ब्रॉडकास्ट’ किंवा ‘क्यूआर’ असं मनाचं काही लिहिलंत तर चॅनलच्या रिपोर्टात त्या ‘अनअसाइन्ड’ (कुठल्याच गटात न बसलेल्या) म्हणून दिसू शकतात. डेटा हरवत नाही, ‘सोर्स / मीडियम’ची यादी उघडली की तिथे सापडतो, पण पाहणारा दचकतो. बरणीवरच्या क्यूआरला वेगळा कॅम्पेन द्याच. त्यावरून आलेला माणूस म्हणजे ज्याच्या घरात तुमची बरणी रिकामी व्हायला आली आहे. स्वतःच्या साइटवरच्या बॅनरला मात्र यूटीएम लावू नका. त्याने माणूस मुळात कुठून आला याची नोंद बिघडते.

शिवाय वूकॉमर्सने जानेवारी २०२४ च्या ८.५ आवृत्तीपासून ‘ऑर्डर अ‍ॅट्रिब्यूशन’ आत घेतलं आहे. प्रत्येक ऑर्डर उघडली की ती कुठून आली आणि मोबाइलवरून की लॅपटॉपवरून, ते बाजूला दिसतं. अ‍ॅनालिटिक्सची खरेदीची नोंद गळली तरी ही माहिती ऑर्डरलाच चिकटलेली असते. एक्केचाळीस ऑर्डरी हाताने वाचायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा जास्त कळतं.

‘हे लोक कोण’ याचं उत्तर अ‍ॅनालिटिक्स जेवढं देईल असं वाटतं, त्यापेक्षा कमी देतं. यूजर म्हणजे माणूस नव्हे, ब्राउझर. एक बाई इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये तुमचं पान पाहते, मग क्रोममध्ये शोधते, आणि रविवारी घरच्या लॅपटॉपवरून ऑर्डर देते. तुमच्या रिपोर्टात त्या तीन व्यक्ती. आयफोनच्या सफारीत अशा नोंदीची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण) बहुधा सात दिवसांतच पुसली जाते, म्हणून दहाव्या दिवशी परतलेलं जुनं गिऱ्हाईक ‘नवं’ ठरतं. पुन्हा घेणारे किती हे बघायचं तर ऑर्डरीतले फोन क्रमांक जुळवा. तोच खरा आकडा.

शहरांचंही तसंच. शहर आयपी पत्त्यावरून काढलेलं असतं आणि मोबाइल डेटावरचा माणूस पुष्कळदा कंपनीची यंत्रणा जिथे आहे त्या मोठ्या शहरात दिसतो. तासगावचं गिऱ्हाईक मुंबईचं म्हणून मोजलं जाऊ शकतं. त्या नकाशावर विसंबून जाहिरातीचा भाग ठरवू नका. वूकॉमर्समधून ऑर्डरी काढा, पिनकोडचे पहिले तीन अंक वेगळे करा आणि मोजा: ४११ पुणे, ४०० मुंबई, ४४० नागपूर, ४१६ तुमच्या आसपासचा पट्टा. माल कुठे जातो हे तिथे लख्ख दिसतं.

लोकांच्या मनात काय आहे हे मात्र एका ठिकाणी त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं असतं. तुमच्या साइटवरचा शोध. ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’ चालू असेल तर वर्डप्रेसवरचे शोध आपोआप टिपले जातात, ‘व्ह्यू सर्च रिझल्ट्स’ या नावाने, आणि त्यासोबत शोधलेला शब्द. ती यादी काढा. एकच मेतकूट लोक किती तऱ्हांनी लिहितात ते बघा: देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही, रोमनमध्ये ‘टी’ आणि ‘टीएच’ दोन्ही. वूकॉमर्सचा साधा शोध प्रॉडक्टचं नाव आणि वर्णन यांत अक्षरं जुळतात का एवढंच बघतो. नाव देवनागरीत आणि शोध रोमनमध्ये असेल तर ‘काही सापडलं नाही’ असं पान येतं आणि माणूस समजतो की माल नाही. प्रत्येक प्रॉडक्टच्या वर्णनात एका ओळीत ती सगळी स्पेलिंगं घाला. आणि जे तुम्ही विकतच नाही, पण लोक पुन्हा पुन्हा शोधतात, ते वहीत लिहून ठेवा. गूगलवर काय शोधून लोक आले यासाठी सर्च कन्सोल जोडा. त्यात सोळा महिन्यांचे शब्द मिळतात. दुकानाचं नाव घालून येणारे आणि ‘काळा मसाला ऑनलाइन’ शोधून येणारे वेगळे मोजा. पहिले तुम्हाला आधीच ओळखतात.

इथवरचं एका दमात: विक्री वूकॉमर्समधून, वाट यूटीएम आणि ऑर्डर अ‍ॅट्रिब्यूशनमधून, गाव पिनकोडमधून, जुनं गिऱ्हाईक फोन क्रमांकावरून, इच्छा शोधाच्या यादीतून. अ‍ॅनालिटिक्सकडे उरतं ते एकच काम, पण ते दुसरं कुणी करत नाही. लोक नेमके कुठे थांबले ते सांगणं.

त्यासाठी ‘एक्सप्लोर’मध्ये ‘फनेल एक्सप्लोरेशन’ (कुठल्या पायरीवर किती लोक गळाले ते दाखवणारा तक्ता) बनवा. पायऱ्या पाच: प्रॉडक्ट पाहिलं, कार्टमध्ये टाकलं, चेकआउट सुरू, पेमेंटची माहिती दिली, खरेदी. चौथी पायरी तुमच्या प्लगइनमधून जाते का ते आधी तपासा, बरेच प्लगइन ती पाठवत नाहीत. मग ‘ब्रेकडाउन’मध्ये आधी डिव्हाइस घाला, नंतर सेशनचा सोर्स. मोबाइलवर चेकआउट ते खरेदी १२ टक्के आणि लॅपटॉपवर ४० टक्के असं काही दिसलं, तर दोष मोबाइलच्या चेकआउटच्या पानात आहे. दोन्हीकडे सारखीच घसरण असेल तर दोष बहुधा पानात नाही, व्यवहारात आहे: कुरिअरचा खर्च, पेमेंटचे पर्याय, पोचवण्याचे दिवस. आजचे आणि कालचे आकडे बघू नका, अ‍ॅनालिटिक्सला ते पक्के करायला एक-दोन दिवस लागतात.

तुमच्या २४० बद्दल एक शंका. कुरिअरचा खर्च चेकआउटच्या आधी कुठेच दिसत नसेल, तर ते पान म्हणजे तुमची चौकशीची खिडकी झाली आहे. ‘१२० रुपयांच्या मेतकुटाला पोस्टेज किती’ एवढंच बघायला लोक तिथे येतायत, ८० रुपये बघतायत आणि जातायत. हे घेणारे नव्हतेच, किंवा आधी कळलं असतं तर त्यांनी तीन पाकिटं मिळून घेतली असती. म्हणून पहिला बदल हाच करा: प्रॉडक्टच्या पानावर, भावाच्या लगेच खाली, ‘महाराष्ट्रात कुरिअर इतके, इतक्या रुपयांच्या वर मोफत’ अशी ओळ. त्यानंतर चेकआउट सुरू करणारे कमी होतील. घाबरू नका. २४० चे १५० झाले आणि ऑर्डरी ४१ वरच राहिल्या, तरी नुकसान काही नाही. उलट आता पैसे न देता गेलेला प्रत्येक माणूस खरोखर अडलेला माणूस आहे.

अडला कशावर, हे फनेल सांगत नाही. तिथे दोन गोष्टी बघा. पहिली तुमच्याकडे आत्ताच पडून आहे: वूकॉमर्समधल्या ‘फेल्ड’, ‘पेंडिंग पेमेंट’ आणि ‘कॅन्सल्ड’ ऑर्डरी. एक्केचाळीस मोजताना या वगळल्या जातात आणि पुन्हा कुणी उघडत नाही. पण या माणसांनी नाव, पत्ता, फोन सगळं भरून ‘ऑर्डर द्या’ दाबलेलं असतं. महिन्यात अशा तीस निघाल्या तर प्रश्न कुरिअरच्या खर्चाचा नाही, पेमेंट बसत नाही हा आहे. ऑर्डरीच्या नोंदीत गेटवेने पाठवलेलं कारण बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. एकाच माणसाच्या लागोपाठ दोन फसलेल्या आणि तिसरी यशस्वी, असंही दिसेल. त्याला एकच धरा.

दुसरी गोष्ट मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी. फुकट आहे. लोकांच्या भेटींचं चित्रण दाखवतं: बोट कुठे लागलं, कुठवर सरकवलं, कुठे थांबले. भरलेली माहिती मुळातच झाकलेली असते, ते झाकण काढू नका. चित्रणं सर्वसाधारणपणे तीस दिवस राहतात. चेकआउटच्या पानावर आलेल्या आणि खरेदी न केलेल्या वीस मोबाइल भेटी गाळून घ्या आणि ओळीने बघा. काय शोधायचं? वर ‘कूपन कोड टाका’ ही पेटी दिसली की माणूस ती उघडतो, रिकामी बघतो आणि टॅब सोडून कूपन शोधायला जातो. बरेच परतत नाहीत. कूपन देत नसाल तर पेटी काढा. ‘कंपनीचं नाव’ या रकान्यापाशी लोक घुटमळतात, मेतकूट घेणाऱ्याला कंपनी कशाला? तोही काढा. पिनकोड टाकल्यावर ‘या पत्त्यावर पोचवण्याचा पर्याय नाही’ असा संदेश येत असेल, तर शिपिंग झोनमध्ये एखादं राज्य राहून गेलं आहे. खातं उघडण्याची सक्ती असेल तर ती आजच बंद करा. आणि एकाच बटणावर चार-पाच वेळा बोट आपटणारे दिसले, क्लॅरिटी त्यांना वेगळं दाखवतं, तर ते बटण दाबल्यावर चाकही फिरत नाही आणि काही घडतंय हे माणसाला कळत नाही, असा अर्थ.

बदल एका वेळी एक करा, कारण तुमचे आकडे लहान आहेत. एक्केचाळीस ऑर्डरींच्या महिन्यानंतर काहीही न बदलता पुढचा महिना २८ ते ५४ मध्ये कुठेही पडू शकतो. ४१ चं वर्गमूळ साधारण साडेसहा, त्याच्या दुप्पट इकडे-तिकडे, असा तो ढोबळ हिशेब. तेव्हा ४१ च्या ४८ झाल्या म्हणून बटणाचा रंग लाभला असं म्हणता येत नाही. या आकारात ए-बी चाचणीच्या (अर्ध्या लोकांना एक पान, अर्ध्यांना दुसरं दाखवून तुलना करण्याच्या) नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोठे आणि उघड अडथळे काढा, आणि शेवटच्या ऑर्डरीपेक्षा मधल्या पायऱ्यांचे शेकड्यांतले आकडे बघा, ते लवकर बोलतात.

महिन्याशी महिना ताडतानाही जपा. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. फराळाच्या ऑर्डरी त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत येतात, म्हणजे दोन वर्षांचे ऑक्टोबर एकमेकांशी ताडण्यात अर्थ नाही. ‘दिवाळीआधीचे २१ दिवस’ असा तुकडा कापून ताडा. लोणची-पापडांच्या उन्हाळ्याचंही तेच.

एक हिशेब अ‍ॅनालिटिक्समध्ये आपोआप कधीच येत नाही: परत आलेल्या पार्सलांचा. कुरिअरवाले त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, गाडीच्या पासिंगशी त्याचा संबंध नाही. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर नोंदली त्या क्षणी अ‍ॅनालिटिक्स तिला विक्री म्हणतं. आठ दिवसांनी ‘घरी कुणी नव्हतं’ म्हणून बरणी परत आली, जाण्यायेण्याचं भाडं तुमच्या अंगावर पडलं, तरी रिपोर्टात विक्री तशीच. म्हणून साध्या एक्सेलमध्ये प्रत्येक ऑर्डरीपुढे स्रोत, पेमेंटचा प्रकार आणि ‘पोचली की परतली’ असे तीन रकाने ठेवा. एका स्रोताने २० ऑर्डरी आणल्या आणि ९ परतल्या, दुसऱ्याने १२ आणल्या आणि १ परतली. पोचलेल्या दोन्हीकडे अकराच, पण पहिल्याने नऊ पार्सलांचं दुहेरी भाडं खाल्लं. जाहिरात वाढवायचा प्रश्न या तक्त्यापाशी येऊन विचारा, साधारण दोन महिन्यांनी.

फसलेल्या ऑर्डरीतले फोन क्रमांक समोर असताना मोह होतो, म्हणून सांगतो. ‘तुमचं पेमेंट अडकलं होतं, मदत करू का’ एवढ्यासाठी एक फोन करणं ठीक. तेच क्रमांक न विचारता ब्रॉडकास्ट यादीत घालणं ठीक नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा सगळा रोख संमतीवर आहे. आणि फोन क्रमांक किंवा ईमेल लिंकमधून अ‍ॅनालिटिक्सकडे जाऊ देऊ नका, गूगलचा नियमच तो मनाई करतो. ऑर्डर ट्रॅक करण्याच्या पानाच्या पत्त्यात क्रमांक दिसतो का, एवढं तपासा.

ऑर्डर पक्की करायला तुम्ही ग्राहकांना फोन करतच असाल. त्यात एक प्रश्न जोडा, पण शब्द नीट निवडा. ‘ऑर्डर करताना काही अडचण आली का?’ असं विचारलं की माणूस भिडेखातर ‘नाही नाही’ म्हणतो. ‘ऑर्डर करताना सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला?’ असं विचारा आणि उत्तर जसंच्या तसं त्या एक्सेलच्या चौथ्या रकान्यात लिहा.